बॅनर आधी उतरवा

बसा. खुर्च्या राहू द्या, त्या भाड्याच्या आहेत आणि भाडं अजून दिलेलं नाही, असं मंडपवाला मघाशी मला सांगून गेला. सतरंजीवर बसा. मोबाइल खिशात ठेवा. अध्यक्ष, तुम्हीसुद्धा. गळ्यात बिल्ला अडकवला म्हणून चौथीच्या वर्गात तेराचा पाढा आला की बाकाखाली दडून बसणारा मुलगा मी विसरले असेन, असं समजू नका.

काल परतवारी झाली. पंढरीहून परतलेला वारकरी आषाढ वद्य एकादशीला नरसीला येतो, नामदेवांच्या पायांवर डोकं ठेवतो, आणि मग त्याची वारी पुरी होते. आपल्या भागातली ही जुनी रीत. हिंगोलीकडून येणाऱ्या रस्त्यावर काल पहाटेपासून माणसाला माणूस लागून होता. त्या माणसांना तुम्ही फराळ वाटलात. शाबास. आजचं हे पहिलं आणि शेवटचं शाबास. आता जे बोलणार आहे ते मध्ये तोंड न घालता ऐकायचं.

आज सकाळी मी कयाधूकडे गेले होते. पुलाच्या अलीकडे, जिथे बाया कपडे धुतात, तिथे खिचडीचा ढीग पडलाय. पांढरा, चिकट, वर माशा. दोन कुत्री हुंगून निघून गेली. बाजूला थर्माकोलच्या ताटल्या, त्या अर्ध्या पाण्यात आणि अर्ध्या चिखलात. आणि या सगळ्याच्या डोक्यावर, दोन बांबूंना बांधलेला तुमचा बॅनर. त्यावर हात जोडलेले सोळा चेहरे. नामदेव महाराज कुठे आहेत म्हणून मी चष्मा पुसून शोधलं. सापडले, डाव्या कोपऱ्यात, दोन बोटं रुंद. त्यांच्या जन्मगावात, त्यांच्या नावानं, त्यांच्याकडे आलेल्या माणसांसाठी लावलेला बॅनर हा. तो आधी उतरवा. पाऊस आला तर तोही नदीतच जाणार आहे.

आता खिचडीकडे येते. कुणी शिजवली ते मला माहीत आहे, नाव घेत नाही, घरी त्याच्या आईला सांगेन. साबुदाणा भिजवायचा म्हणजे पिंपात ओतून वर नळी सोडायची नसते रे बाबा. दोन पाण्यांनी धुवायचा, पाणी निथळायचं, दाण्याला जेमतेम लागेल एवढंच ठेवायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी दाणा बोटात दाबला की मोडला पाहिजे, पण एकाला एक चिकटता कामा नये. तुम्ही भरपूर पाण्यात भिजवलात, अर्धवट निथळलात, त्यात उकडलेले बटाटे घातलेत, आणि पहाटे चारला शिजवून मोठ्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलंत. आषाढाची दमट हवा. आतल्या आत वाफ धरली, खाली गोळा झाला, दहा वाजेपर्यंत वास बदलला. अकरापर्यंत तुम्ही तेच वाढत होतात. बारा वाजता तुमच्यातलाच एक म्हणाला, आता नको, कुणाला त्रास होईल. तो एकटा शहाणा निघाला. पण त्याच्या शहाणपणाचा शेवट नदीत झाला.

बरं, ती उरली का? कारण तुमच्या अलीकडे खिचडी, पलीकडे खिचडी, समोर खिचडी. मी रस्त्यानं चालत आले तेव्हा एका वळणावर एका हाकेच्या अंतरात पाच ठिकाणी खिचडी होती, दोन ठिकाणी केळी, तीन ठिकाणी चहा. आणि पुढे, जिथे रस्ता लांबतो, झाड नाही, सावली नाही, तिथे पाण्याचा एक रांजण नव्हता. का? कारण तिथे फोटो चांगला येत नाही. तिथे गर्दी नाही आणि नेत्याची गाडीही थांबत नाही. तुम्ही सगळे जिथे बघणारे आहेत तिथे जमलात. जिथे भूक होती तिथे कुणीच गेलं नाही.

एका माउलीचं सांगते. जिंतूरकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. टाचेचं कातडं सोललेलं, चप्पल हातात. ती तुमच्या मंडपात आली आणि म्हणाली, "लेकरा, पाय धुवायला कोमट पाणी मिळंल का? आन् कापडाची एखादी पट्टी?" तुम्ही तिला काय दिलंत? खिचडीची प्लेट. ती म्हणाली, खाल्लंय बाबा, चार ठिकाणी खाल्लंय. तर तुमच्यातल्या एका शहाण्यानं तिचं मनगट धरलं, प्लेट तिच्या हातात कोंबली आणि दुसऱ्यानं फोटो होईपर्यंत तिला हलू दिलं नाही. तो फोटो तुम्ही संध्याकाळी टाकला आहे. माउलीचा चेहरा बघितलात का कुणी? बघा. तिला त्या क्षणी ताट नको होतं, पाय सोडून बसायला जागा हवी होती. मी तिला घरी नेलं. ते सांगायला मी इथे आलेले नाही, पण तुम्हाला शरम वाटावी एवढं तरी झालं पाहिजे.

आणि बिस्किटं! एका दानशूर माणसानं दोन खोकी बिस्किटं दिली म्हणून तुम्ही ती एकादशीच्या दिवशी वाटलीत. मैद्याची बिस्किटं, उपवासाला. त्या बायांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि पदरात बांधून ठेवली, घरी नातवाला म्हणून. त्या तुमच्यापेक्षा शहाण्या आहेत. देणाऱ्याचं मन मोडायचं नाही हे त्यांना कळतं. पण देणारा काय देतोय आणि घेणाऱ्याला काय हवंय, हे बघायला मधे तुम्ही उभे होतात ना? कार्यकर्ता कशाला असतो मग? खोकी उचलायला तर हमाल पुरला असता.

नामदेवांची एक गोष्ट तुम्ही पहिलीपासून ऐकली आहे. कुत्र्यानं पोळी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. दर वर्षी गॅदरिंगमध्ये त्यावर नाटुकलं बसवलं जातं, कुत्र्याचं काम करायला सगळे पुढे. पण त्या गोष्टीतली खरी मेख कुणीच पकडत नाही. पोळी गेलेली होतीच, ती काही दान नव्हती. नामदेवांनी बघितलं ते एवढंच, की पोळीला तूप लावलेलं नाही. कमी काय आहे हे त्यांच्या डोळ्यांनी टिपलं. तुमच्या डोळ्यांसमोर सोललेली टाच होती, ती दिसली नाही.

*

आता पैशाकडे. खजिनदार, तू मागे सरकू नकोस, पुढे ये.

वर्गणी कधी मागितलीत? ज्येष्ठ संपता संपता, आषाढ लागताना. म्हणजे कधी? जेव्हा सोयाबीनचं बियाणं घेऊन झालं, खताची गोणी उधारीवर आली, पेरणीत सगळा पैसा गेला आणि पाऊस पुढे काय करतो ते देवाला ठाऊक, तेव्हा. अशा वेळी तुम्ही शेतकऱ्याच्या दारात पावती पुस्तक घेऊन उभे राहिलात आणि पाचशे एक लिहा म्हणालात. त्यानं लिहिले, कारण शेजाऱ्यानं लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तो दुकानदाराकडे पाचशे मागायला गेला. दिलेला पैसा तुमच्या हाती आला खरा, पण देताना त्याच्या घरात काय झालं ते तुम्हाला कळलं नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. दान खळ्यावर व्हायचं, रास झाल्यावर, पहिली पायली कुणाची हे ठरलेलं असायचं. आज खळं गेलं, पण सुगी तर आहे ना? सोयाबीन दसरा-दिवाळीला येतं. आपल्याकडे हळद आहे, हिंगोली-वसमतच्या बाजारात उन्हाळ्यात तिचे पैसे हातात पडतात. हळद विकून आलेल्या माणसाला चैत्र-वैशाखात जाऊन म्हणा, काका, पुढच्या परतवारीसाठी काय देता? तो खुशीत दोन हजार देईल आणि वर चहाही पाजेल. पाहुणा उपाशी आहे म्हणून घरचं पोर उपाशी ठेवायला लावणारी वर्गणी घेऊ नका. हे तुम्हाला मी सांगायचं? तुम्ही शेतकऱ्याची पोरं आहात की पुण्याहून आलात?

आणि लहान देणगीला तुम्ही नाक मुरडता. वरच्या आळीतल्या आजीनं दोन किलो शेंगदाणे आणून दिले, स्वतः फोडून, सोलून. तुमच्यातला एक म्हणाला, "आजी, कॅश द्या, शेंगदाणे आमच्याकडे आहेत." तिची पावती फाडली नाहीत. यादीत तिचं नाव नाही. ५१ हजार देणाऱ्याचं नाव बॅनरवर आहे, आणि त्या ५१ हजारांतले किती बॅनरलाच गेले, ते आपण थोड्या वेळानं बघूच.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा धडा तुम्हाला सातवीत होता की नाही ते आठवत नाही, पण ऐका. १९१९ साली साताऱ्याकडे काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवताना पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. पण संस्था दागिन्यांवर चालली नाही. ती चालली मूठभर धान्यावर. घरोघरी रोज एक मूठ बाजूला काढायची, महिन्यानं पोरं येऊन घेऊन जायची. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ माणशी वर्षाला एक पैसा मागत फिरले आणि त्या पैसाफंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, १९०८ साली. एक पैसा! तुम्ही त्या अंताजीपंतांना म्हणाला असता, काका, कॅश द्या.

मूठ आणि पैसा यांत फायदा काय होता, सांगू? देणारे हजार असले की संस्था एकाच्या मुठीत जात नाही. आज तुमच्या मंडळाला ५१ हजार देणारा उद्या नाराज झाला तर परतवारीचा फराळ बंद. मग तुम्ही त्याच्या दारात जाणार, तो म्हणेल तो बॅनर लावणार, तो म्हणेल त्याच्या प्रचाराला जाणार. तुम्ही म्हणता देणगी मिळाली. मला विचाराल तर तुम्ही विकले गेलात, आणि तेही स्वस्तात.

*

पावती पुस्तक आण. हे बघा सगळ्यांनी. वर छापलंय, "देणगी आयकरात सवलतीस पात्र, ८०जी". कुणाचं ८०जी? मंडळाची नोंदणी आहे का? नाही. मग आयकर खात्याचा दाखला कुठून आला? तर छापखान्यात दुसऱ्या संस्थेच्या पावतीचा नमुना होता, तोच तुम्ही नाव बदलून छापला. ही नक्कल परीक्षेत केली असतीत तर मी पेपर काढून घेतला असता. इथे तर तुम्ही देणाऱ्याला खोटं सांगितलंत. आणि ऐका, ज्या संस्थेला ती सवलत खरंच मिळालेली असते, तिथेही दोन हजारांच्या वरची देणगी रोख दिली तर आयकरात सवलत मिळत नाही. चेक हवा किंवा बँकेतून. हे तुमच्या मोठ्या देणगीदारांना नक्की माहीत आहे. म्हणूनच कदाचित त्यांनी रोख दिले असतील, कोण जाणे.

वर्गणी गोळा करायची तर नोंदणी नसलेल्या मंडळाला परवानगी काढावी लागते, हे कुणाला ठाऊक होतं? हात वर करा. एकही नाही. धर्मादाय आयुक्तांचा कायदा आहे, १९५० चा, त्यातलं कलम ४१ क. गणेश मंडळं काढतात तीच परवानगी. अर्ज भरायचा, ओळखपत्रं जोडायची, कार्यक्रम झाला की हिशेब द्यायचा. यात कुणाच्या बापाचं काय जातं? "बाई, तेवढ्यासाठी हिंगोलीला कोण जाणार," असं मघाशी कुणीतरी पुटपुटलं. टी-शर्ट आणायला नांदेडला कोण गेलं होतं मग?

आणि चहाच्या पिंपावर चिकटवलेला हा क्यूआर कोड. खजिनदार, हा कुणाच्या खात्याचा? बोल मोठ्यानं. तुझ्या. तुझ्या स्वतःच्या. मी तुला चोर म्हणत नाही. तुझ्या आजोबांनी देवळाच्या दानपेटीची किल्ली वर्षानुवर्षं सांभाळली आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही, हे गाव जाणतं. पण उद्या तुझ्या खात्यात वर्गणीचे पैसे, सोयाबीनचे पैसे आणि मोटरसायकलचा हप्ता हे सगळं एकात एक झालं की तुला स्वतःलाच कळणार नाही कुठला रुपया कुणाचा. मग गावात कुजबुज होईल. तू प्रामाणिक असशील, तरी कुजबुज तुझ्या घरात शिरेल. म्हणून मंडळाचं वेगळं खातं हवं, दोघांच्या सह्यांचं. चांगल्या माणसावर संशय येऊ नये म्हणूनच हिशेब असतो. चोराचं काय, तो वही असली तरी चोरतो.

आता वहीतलं हे पान. तांदूळ नाही, उपवासाचा कार्यक्रम, ठीक आहे. साबुदाणा, दाणे, तेल, बटाटे, हिरवी मिरची, गॅसच्या टाक्या, मंडप, ताटल्या. आणि मग: "इतर, ९,४००". खाली पुन्हा: "इतर, ३,२००". इतर म्हणजे काय? इतर नावाचं दुकान कुठे आहे नरसीत, मला दाखवा, मीपण जाईन. तुमच्यातले अर्धे जण माझ्याकडे गणित शिकलेत. "इतर" असं उत्तर लिहिलं असतंत तर मी किती गुण दिले असते?

*

कार्यकर्त्यांकडे वळते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तुम्ही किती जण आहात? साठ की सत्तर. भगवे टी-शर्ट किती छापले? ऐंशी. पहाटे आचाऱ्याबरोबर किती होते? चार. फोटोच्या वेळी? सगळे. दुपारी भांडी घासताना? तेच चार, आणि त्यातल्या दोघांच्या आया. पातेल्याच्या तळाला करपलेली खिचडी तुमच्या आयांनी दगडानं खरडून काढली, आणि तुम्ही त्याच वेळी "सेवेचं समाधान" असं लिहून स्टेटस ठेवलं होतंत. मी वाचलं. माझ्याकडेही मोबाइल आहे.

नांदेडला जाता ना तुम्ही खरेदीला? एकदा सचखंड हुजूर साहिबला जोडाघरात जाऊन बसा. येणाऱ्याच्या चपला हातानं घ्यायच्या, टोकन द्यायचं, परत जाताना त्याच चपला पुसून पुढे ठेवायच्या. तिथे शाळेतली पोरं बसतात, धंदेवाले बसतात, पेन्शनवाले बसतात. कुणाच्या छातीवर नाव नाही. लंगरात बघा, वाढणारे जेवढे, त्याहून जास्त भाजी चिरणारे, आणि त्याहून जास्त भांडी घासणारे. दर दिवशी. एकादशी असो की नसो. पंजाबात घुमानला नामदेव महाराज जाऊन राहिले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून शीख भाविक वाट वाकडी करून इथे आपल्या नरसीला येतात. आपल्या पाहुण्यांकडून आपण काय शिकलो? टी-शर्ट शिकलो.

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घ्यायचे, कीर्तन मग. १८७६ ते १९५६, एवढं आयुष्य. धर्मशाळा बांधल्या लोकांच्या पैशातून, आणि त्या पैशाला स्वतःच्या घरच्या माणसाला हात लावू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. उभी केलेली इमारत, वर्षानुवर्षं भीक मागून! तुम्हाला पुढच्या वर्षी मंडपाची जागा शेजारच्या मंडळाला द्या म्हटलं तर मारामाऱ्या होतील.

एक मात्र सांगते, कारण नाही सांगितलं तर अन्याय होईल. काल दुपारी पुलाजवळ एक मुलगा रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्या पोत्यात भरत होता. मंडळाचा टी-शर्ट नव्हता अंगात. नववीत असेल. कुणी सांगितलं होतं तुला असं विचारलं तर म्हणाला, कुणी नाही, उद्या वैरण घेऊन बैलगाडी इथूनच न्यायची आहे, चाकाखाली येतील. बस, एवढंच. त्याला आपल्यात घ्या. शक्यतो बिल्ला देऊ नका.

*

आणि आता तुमचं पुढचं. १५ ऑगस्टला रक्तदान शिबिर, "विक्रमी" असं लिहिलंय कागदावर. कशाचा विक्रम? बाटल्यांचा. तुम्हाला रक्त म्हणजे काय वाटतं, डबाबंद लोणचं? काढलेलं रक्त पाच-सहा आठवडे टिकतं, प्लेटलेट तर पाचच दिवस. एका दिवशी जिल्ह्यात सगळ्यांनी विक्रम केले तर रक्तपेढीत ठेवायला जागा नाही, आणि सणासुदीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत अपघाताचा माणूस आला की बाटली नाही. शिवाय पुरुषानं एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नाही, बाईनं दिलं तर चार. म्हणजे तुम्ही सगळे एकदम दिलंत की नोव्हेंबरपर्यंत गावातला एकही हात कामाचा नाही. त्यापेक्षा आधी रक्तपेढीत जा. विचारा, कधी कमी पडतं? कुठल्या गटाचं कमी पडतं? ते सांगतील तेव्हा, सांगतील तेवढ्या जणांना पाठवा. दहा गेले तर दहा. बॅनर नको, हार नको, आमदारांना बोलावणं नको. आमदारांना रक्त द्यायचं असेल तर येऊ द्या, बाकी नाही.

तीच गोष्ट परतवारीची. पुढच्या वर्षी चैत्रातच बाकीच्या मंडळांना बोलवा, ग्रामपंचायतीत बसा, देवस्थानच्या लोकांना घ्या, आणि रस्ता वाटून घ्या. एकानं पाणी, एकानं पाय धुवायचं गरम पाणी आणि मलमपट्टी, एकानं चुकलेल्या म्हाताऱ्या-लेकरांना शोधून पोचवायचं. एकानं बायांसाठी आडोसा. हे मी खाली मान घालून बोलणार नाही, तुम्हीही घालू नका. रात्रभर चाललेल्या बाईला पावसात कुठे जायचं हा प्रश्न असतो, आणि तुमच्या मंडळाच्या बैठकीत एकही बाई नाही म्हणून तो कधी निघत नाही. खिचडी एकाच मंडळानं करावी, ती नीट करावी. बाकीच्यांनी केळी आणावीत, अर्धापूर-वसमतची केळी हाकेच्या अंतरावर पिकतात. राजगिऱ्याचे लाडू करा, शेंगदाण्याचे लाडू करा. आजीचे दोन किलो शेंगदाणे त्याला लागले असते.

पैसे उरले तर? उरतात, बॅनर काढला की उरतात. दिवाळीनंतर आपल्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. मागे राहतात ती लेकरं, आजीच्या पदराखाली, शाळेत आली तर आली. जिल्हा परिषद हंगामी वसतिगृहं चालवते, पण गावातल्या एखाद्या पोराला सकाळी शाळेत नेऊन सोडायला, संध्याकाळी त्याला भाकरी मिळाली का बघायला सरकारचा माणूस कुठून येणार? तिथे तुमच्यापैकी एक हवा. रोज. पाच महिने. त्याचा फोटो कुणी काढणार नाही, आणि तीच माझी अट आहे. तुमच्यातला कोण येतो बघते. लाइक मिळत नाही तिथे जायची सवय नाही तुम्हाला, मला माहीत आहे.

वाईट वाटलं? वाटू दे. मी काही मंडळ बंद करा म्हणायला आलेले नाही. गावात कोणी काही करत नव्हतं तेव्हा तुम्ही सुरू केलंत, दिवसाची मजुरी बुडवून राबलात, त्यातले काही खरंच राबलात. म्हणूनच बोलते. ज्यांच्याकडून काही होणार नाही त्यांच्यावर मी आवाज वाया घालवत नाही. शेजारच्या मंडळाकडे मी गेलेले नाही, हे लक्षात घ्या, आणि जाऊन त्यांना सांगू नका.

आता कामं. अध्यक्ष, दोन पोरं घ्या, बांबू सोडा, तो बॅनर खाली घ्या. कापडासारखा आहे, फाडू नका. शाळेच्या गळक्या खोलीवर उलटा टाकायला होईल, चेहरे खाली करून. बाकीचे सगळे नदीवर. फावडी माझ्या घरून न्या, दोन आहेत, बाकी आपापल्या घरून आणा. खिचडी उचलून माझ्या परसात खड्डा आहे त्यात टाका आणि वर माती ओढा. ताटल्या पोत्यात भरून पंचायतीच्या गाडीत. जेवायची सुट्टी काम झाल्यावर, आणि दुपारी ऊन पडलं तर टोप्या घाला, नाहीतर तुमच्या आया माझ्याशी भांडतील.

खजिनदार, तू मात्र थांब. बस इथे, माझ्या समोर. चष्मा आहे माझ्याकडे, पण वाचायचं तू. पहिल्या पानापासून, रकमेसकट, मोठ्यानं. आणि "इतर" आलं की थांबायचं.